पहिल्या पायरीशी

जबलपूरच्या गोलबाजारातल्या शहीद स्मारकात भिंतींवर स्वातंत्र्यलढ्याची मोठी चित्रं आहेत. ती रंगवणाऱ्यांत प्रमुख होते ब्योहार राममनोहर सिंहा. ते याच गावचे, शांतिनिकेतनात नंदलाल बोसांच्या हाताखाली तयार झालेले. आपल्या राज्यघटनेच्या उद्देशिकेचं पान सजवणारे तेच. १९५०च्या दशकाच्या अखेरीस ते पेकिंगला गेले आणि चिनी कुंचल्याची चित्रकला शिकून आले. बँकेतल्या नोकरीत माझं त्या स्मारकावरून सतत जाणं-येणं होतं, पण निवांतपणे आत शिरले ती निवृत्तीनंतरच. सिंहांच्या निमित्ताने चिनी चित्रांबद्दल वाचायला लागले आणि तिथे बांबू भेटला. प्लमचा बहर, ऑर्किड, शेवंती आणि बांबू यांना चिनी चित्रकार 'चार सज्जन' म्हणतात. बांबू वाऱ्यात वाकतो पण मोडत नाही, आतून पोकळ म्हणून गर्व नाही, कडाक्याच्या थंडीतही हिरवा. हा सज्जन म्हणजे नेमका कोण आणि माणसाने तसं व्हायचं कसं, हा प्रश्न कन्फ्यूशियसचा, असं कळलं. कन्फ्यूशियसची माझी सगळी पुंजी म्हणजे सकाळी मोबाइलवर येणारे सुविचार. त्यातले बरेचसे त्याचे नाहीतच, हे पुस्तक उघडल्यावर समजलं.

पुस्तक म्हणजे डी. सी. लाउ यांचं १९७९ सालचं इंग्रजी भाषांतर. मूळ ग्रंथ 'लुन यू', म्हणजे साधारण 'निवडक संवाद'. तो कन्फ्यूशियसने लिहिलेला नाही. शिष्यांनी आणि शिष्यांच्या शिष्यांनी आठवणी गोळा केल्या, त्याचे वीस भाग झाले, त्यात पाचेकशे लहान लहान तुकडे. मला वाटलं होतं, आधी व्याख्या असेल, मग पद्धत, मग फळ. तसं काही नाही. एका तुकड्यात राज्यकारभार, पुढच्यात कुणाच्या तरी आजारपणाची चौकशी, त्यापुढे धनुर्विद्या. मग मी त्याच्या चरित्राकडे वळले. जन्म इसवी सनपूर्व ५५१, लू नावाच्या लहान राज्यात, आजच्या शानतुंग प्रांतातल्या छूफू गावाजवळ. वडील लवकर गेले. तरुणपणी कोठाराचे आणि गुराढोरांचे हिशेब ठेवले. पन्नाशी उलटल्यावर आपलं म्हणणं ऐकणारा एखादा राजा मिळेल म्हणून राज्याराज्यांतून तेराचौदा वर्षं हिंडला. कुणी ऐकलं नाही. परत आला, शिकवत राहिला आणि ४७९ मध्ये वारला. माणसाच्या थोरवीबद्दल ज्याला अडीच हजार वर्षं विचारलं जातंय त्याच्या हातात उभ्या आयुष्यात मनासारखी सत्ता आली नाही. हे वाचल्यावर ग्रंथातला विस्कळीतपणा मला वेगळा दिसू लागला: ज्या दिवशी जो समोर आला त्याच्याशी तो बोलला.

तरी अडखळणं थांबलं नाही. त्याच्या शिकवणीतला सगळ्यात मोठा शब्द 'रन'. मी मनाशी त्याला 'माणुसकी' म्हटलं आणि पुढे गेले. शिष्य पुन्हा पुन्हा विचारतात, रन म्हणजे काय? प्रत्येकाला उत्तर वेगळं. एका ठिकाणी तर दोघे शिष्य एकच प्रश्न विचारतात: चांगलं काही ऐकलं की लगेच आचरणात आणावं का? त्झूलूला तो सांगतो, घरात वडील आहेत, थोरले भाऊ आहेत, लगेच कसं करशील? रान च्यूला सांगतो, लगेच कर. तिथे बसलेला तिसरा शिष्य कुंगशी ह्वा गोंधळतो आणि धीर करून विचारतो, हे कसं? गुरू म्हणतो, रान च्यू मागे मागे राहतो म्हणून त्याला पुढे ढकललं. त्झूलूच्या अंगात दोघांचा जोर आहे म्हणून त्याला मागे ओढलं. कुंगशी ह्वाचे मी मनापासून आभार मानले. त्याने विचारलं नसतं तर माझ्यासारखीला वाटलं असतं की ग्रंथात विसंगती आहे. आणि मग स्वतःबद्दलचा पहिला खरा प्रश्न पडला: मला काय सांगितलं असतं, थांब की चल? त्याचं उत्तर मला देता आलं नाही.

दहाव्या भागाशी पुस्तक मिटायची वेळ आली. त्यात उपदेश जवळजवळ नाही. कन्फ्यूशियस कसा चालायचा, काय खायचा, दरबारात शिरताना अंग कसं आवरून घ्यायचा, बसायची चटई वाकडी असेल तर बसायचा नाही, असली वर्णनं. नैतिक थोरवीशी चटईचा काय संबंध?

इथे नाना मदतीला आले. नाना म्हणजे माझे वडील. गन कॅरेज फॅक्टरीत नोकरी केली, आता वय ८४, काचबिंदूने दृष्टी जवळजवळ गेलेली. संध्याकाळी मी त्यांना वाचून दाखवते. बहुतेक दासबोध, कधी वर्तमानपत्र. त्या दिवशी दुसरं काही हाताशी नव्हतं म्हणून हाच भाग मोडक्यातोडक्या मराठीत सांगितला. नाना लक्ष देऊन ऐकत होते. म्हणाले, "अगं, आमच्या कारखान्यात जुना मिस्त्री होता. अवजारं जागच्या जागी ठेवल्याशिवाय कामाला हात लावायचा नाही. नवी पोरं कंटाळायची. पण त्याच्या हाताखालून गेलेला कुठलाही पोरगा पुढे बेफिकीर निघाला नाही." मग त्यांनी विचारलं, "तो नुसता चटईच बघायचा का माणसंही?" त्याच भागात पुढे आहे: तबेल्याला आग लागली. दरबारातून परतल्यावर कन्फ्यूशियसने विचारलं, कुणाला इजा झाली का? घोड्यांबद्दल विचारलं नाही. घोडा त्या काळी केवढा किमती. हे ऐकल्यावर नाना म्हणाले, "मग वाच पुढे."

या रीतिभातीला तिथे 'ली' म्हणतात. पूजाविधीपासून पाहुण्याला नमस्कार करण्यापर्यंत सगळं त्यात येतं. आपल्याकडे 'रीत' म्हटलं की निम्म्या लोकांना सोवळं-ओवळं आठवतं आणि राग येतो. मलाही आला. पण एका तुकड्याने तो राग थोडा ओसरला. कन्फ्यूशियस राज्याच्या मोठ्या मंदिरात गेला आणि प्रत्येक गोष्टीबद्दल विचारत सुटला. लोक कुजबुजले, याला म्हणे विधी येतात, हा तर सगळंच विचारतोय! तो म्हणाला, विचारणं हाच विधी. म्हणजे 'ली'मध्ये माहीत असल्याचा तोरा नाही, समोरच्या जागेचा आणि माणसाचा मान आहे. नवशिक्याला याहून मोठा आधार कुठला?

आता 'स्वतःला घडवणं' हे प्रत्यक्ष कुठून सुरू करायचं, याचा शोध लागला. 'महाविद्या' किंवा 'थोर शिक्षण' असं ज्याचं नाव सांगता येईल असा एक छोटा ग्रंथ आहे. मुळात तो 'विधींचा ग्रंथ' या मोठ्या संग्रहातला एक अध्याय. बाराव्या शतकात चू शी नावाच्या विद्वानाने तो वेगळा काढून चार मुख्य ग्रंथांत बसवला. चौदाव्या शतकापासून १९०५ पर्यंत चीनमधल्या सरकारी परीक्षांना बसणारी मुलं तो पाठ करत. त्यात अखेर एक शिडी मिळाली. जगात शांती हवी तर आधी राज्य नीट हवं, त्याआधी घर, घराआधी स्वतः. स्वतःला घडवायचं तर मन सरळ हवं, त्यासाठी हेतू प्रामाणिक, त्यासाठी ज्ञान पुरं. आणि ज्ञान पुरं व्हायचं तर वस्तूंचा शोध घ्यायला हवा. राजा असो की सामान्य माणूस, सगळ्यांचं मूळ स्वतःला घडवण्यात, असं तिथे स्पष्ट आहे. ही वाट अधिकाऱ्यांपुरती नाही, हे वाचून मला फार बरं वाटलं. पण सगळ्यात खालची पायरी, वस्तूंचा शोध, म्हणजे करायचं काय?

वांग यांगमिंग (१४७२–१५२९) हा पुढचा मोठा विचारवंत तरुणपणी याच प्रश्नाशी अडला होता. चू शीने सांगितलंय ना, प्रत्येक वस्तूत तत्त्व आहे, मग बघू या. तो आणि त्याचा एक मित्र अंगणातल्या बांबूंसमोर बसले आणि रात्रंदिवस विचार करत राहिले. मित्र तिसऱ्या दिवशी थकून पडला, वांग सातव्या दिवशी आजारी पडला. तत्त्व सापडलं नाही.

मला बांबू सोपा होता. शेजारच्या जुन्या बंगल्याच्या आवारात बांबूचं बेट आहे आणि पावसाळा सुरू झाला होता. चहा झाला की मी तिथे जाऊन उभी राहायची. जमिनीतून कोंब वर येत होते. कोंबावर तपकिरी खोळ, खोळीवर बारीक सोनेरी लव. मी हात पुढे केला तसा तिथला माळी ओरडला, "हाथ मत लगाना दीदी, खुजली होगी!" एक गोष्ट मला कधीच माहीत नव्हती: कोंब जमिनीबाहेर येतो तो पुरता जाड होऊनच येतो. पुढे जाडी वाढत नाही. एका पावसाळ्यात तो उंची गाठतो. पेर न् पेर लांबतं, खोळ सुटून गळते. पण तेव्हा तो कोवळाच असतो. माळ्याने सांगितलं, कापायजोगा व्हायला तिसरं वर्ष लागतं, तोपर्यंत नुसता पक्का होत राहतो. बघण्यात मी रंगून गेले. बांबूबद्दल पुष्कळ कळलं, त्यावरून दोनचार सुंदर वाक्यंही सुचली. पण घरी आल्यावर नानांना औषध द्यायला उशीर झाला तो झालाच. बांबूच्या ज्ञानातून स्वतःकडे जाणारी वाट मला दिसली नाही.

वांगलाही ती तिथे दिसली नव्हती. पुढे तो अधिकारी झाला. दरबारातल्या ल्यू चिन नावाच्या बलाढ्य खोजाविरुद्ध त्याने अर्ज केला, त्याबद्दल फटके खाल्ले आणि दक्षिणेत क्वेचौमधल्या लुंगछांग नावाच्या आडजागी हद्दपार झाला. तिथे १५०८ मध्ये त्याला उमगलं की तत्त्व बाहेरच्या वस्तूत शोधायचं नसून आपल्या मनातच आहे. त्याहून मला भिडलं ते त्याचं दुसरं म्हणणं: जाणणं आणि करणं या दोन गोष्टी नाहीत. आईवडिलांचा मान राखावा हे मला कळतं पण होत नाही, असं म्हणणाऱ्याला ते अजून कळलेलंच नाही. हे वाक्य मी वाचलं आणि पुस्तक बाजूला ठेवून आधी औषधाच्या वेळा मोठ्या अक्षरांत लिहून स्वयंपाकघरात लावल्या.

मग रोजची उजळणी सुरू केली. त्संगत्झ नावाचा शिष्य दररोज स्वतःला तीन गोष्टी विचारायचा. दुसऱ्याच्या कामात मनापासून होतो का? मित्रांशी बोललो त्याला जागलो का? जे शिकलो ते अंगी उतरवलं का? बँकेतली माणसं हिशेबाला सोकावलेली असतात. मी वही आखली, डाव्या बाजूला जमा, उजव्या बाजूला नावे. नंतर कळलं की चीनमध्ये सोळाव्या शतकात अशा वह्यांची लाटच होती. युआन ल्याओफान नावाच्या अधिकाऱ्याला एका ज्योतिष्याने सांगितलं होतं की तुला मुलगा नाही आणि आयुष्य ५३ वर्षांचं. एका भिक्षूने त्याला पुण्य-पापाची वही दिली, रोज लिही म्हणाला. त्याने हजारो सत्कृत्यांचे संकल्प केले आणि पुरे केले. मुलगा झाला, सत्तरीही ओलांडली. ही हकीकत त्याने मुलासाठी लिहून ठेवली आणि ती आजही वाचली जाते.

वहीचा उपयोग झाला, नाही असं नाही. रात्री आपला दिवस दिसतो तरी. पण जमेच्या बाजूने त्रास दिला. वरच्या मजल्यावरच्या काकूंना भाजी आणून दिली की हात आपोआप वहीकडे जाई. कृत्य करतानाच नोंद मनात तयार असे. ल्यू त्सुंगचौ (१५७८–१६४५) या कडक शिस्तीच्या विचारवंताचा या वह्यांना नेमका हाच विरोध होता: पुण्य मोजायला लागलात की नफ्याचा हेतू शिरला. त्याने स्वतः जी वही सुचवली तीत फक्त चुकांची नोंद आहे, जमेची बाजूच नाही. मी जमेची बाजू बंद केली. एकतर्फी खातं लिहायला मला आयुष्यात पहिल्यांदाच बरं वाटलं.

आणि तरीही, महिने उलटले तरी चिडचिड तीच. बदल कधी दिसणार? याचं उत्तर मेन्शियसमध्ये आहे. हा कन्फ्यूशियसनंतर शंभरेक वर्षांनी आलेला, परंपरेतला दुसरा मोठा माणूस. त्याच्या मते दया, लाज, आदर आणि बऱ्यावाइटाची जाण यांचे कोंब प्रत्येकात उपजत असतात. विहिरीत पडू पाहणारं मूल दिसलं की कुणाच्याही काळजात चर्र होतं. तेव्हा त्याच्या आईबापांची मर्जी वा गावाची वाहवा कुणी मनात आणत नाही. पण हे कोंब वाढायला वेळ घेतात. सुंग राज्यातल्या एका शेतकऱ्याची गोष्ट तो सांगतो: रोपं वाढत नाहीत म्हणून त्याने एकेक रोप वर ओढलं, दमून घरी आला आणि म्हणाला, आज मी पिकाला वाढायला मदत केली. मुलगा धावत शेतात गेला तर सगळी रोपं माना टाकलेली. मेन्शियसचं म्हणणं, तण न काढणारे आळशी थोडेच, रोपं ओढणारे फार. तण काढत राहा आणि वाट बघा. माझ्या वहीने तण दिसत होते. ओढाओढ मात्र थांबवायला हवी होती.

ज्या तुकड्याने हे सगळं माझ्यासाठी पुस्तकातून घरात आणलं तो पंधराव्या भागाच्या शेवटी आहे. म्येन नावाचा एक वाद्यगुरू कन्फ्यूशियसला भेटायला येतो. त्या काळी दरबारी वादक बहुधा अंध असत. तो पायऱ्यांशी येतो तेव्हा कन्फ्यूशियस म्हणतो, इथे पायरी आहे. चटईशी येतो तेव्हा म्हणतो, ही चटई. सगळे बसल्यावर सांगतो, अमका इथे बसलाय, तमका तिथे. पाहुणा गेल्यावर शिष्य त्झूचांग विचारतो, गुरूंशी असं बोलायचं असतं? कन्फ्यूशियस म्हणतो, हो, अंध वाद्यगुरूला अशीच साथ द्यायची असते. संपलं. एवढाच तुकडा.

मी नानांना वाचून दाखवलं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "त्याने हात धरला नाही बघ."

आमच्याकडे दर गुरुवारी दासबोध वाचायला पाचसहा जण जमतात. नानांचे जुने सहकारी, ज्यांना सगळे मास्तर म्हणतात ते, वरच्या काकू, आणखी कुणी कुणी. दृष्टी गेल्यापासून नाना तिथे गप्प बसत. आम्ही समजत होतो, वयोमान. मी त्यांना दंडाला धरून खुर्चीपर्यंत आणायची, बसवायची, चहा हातात द्यायची, म्हणजे माझं काम झालं. त्या गुरुवारी मी दंड धरला नाही. बाजूने चालत म्हटलं, "नाना, उंबरठा." त्यांनी पाय उचलला. "खुर्ची तुमच्या उजव्या हाताला." त्यांनी हाताने पाठ चाचपली आणि स्वतः बसले, ताठ बसले. मग मी सांगितलं, "समोर मास्तर, त्यांच्या शेजारी काकू. दाराशी काकूंचा नातू आहे, तो पहिल्यांदाच आलाय." नाना लगेच दाराच्या दिशेने वळले आणि विचारलं, "काय रे, कितवीत आहेस?" मग मास्तरांना, "गुडघा कसा आहे?" त्या संध्याकाळी त्यांनी एका समासावर मास्तरांशी वाद घातला. खोलीत कोण कुठे बसलंय हे माहीत नसताना माणूस बोलेल कुणाशी? मी त्यांची सेवा करत होते, पण त्यांना खोलीत येऊ देत नव्हते.

कन्फ्यूशियस आणखी एका ठिकाणी म्हणतो की आईबापांना खाऊ घालणं म्हणजेच कर्तव्य असं लोक समजतात. खायला तर कुत्र्या-घोड्यांनाही घालतात, आदर नसेल तर फरक काय? हे मी आधी वाचलं होतं आणि मान डोलावून पुढे गेले होते. वांग म्हणतो तेच खरं, ते मला कळलं नव्हतं.

एक गोष्ट मात्र मी गिळून टाकणार नाही. सतराव्या भागात कन्फ्यूशियस बायकांना क्षुद्र माणसांच्या जोडीला बसवतो: जवळ केलं तर डोक्यावर बसतात, दूर ठेवलं तर रुसतात. टीकाकारांनी याचे मवाळ अर्थ लावले आहेत, मला ते पटले नाहीत. शेकडो वर्षं परीक्षा, पदं, पाठशाळा मुलींना बंद राहिल्या त्यात या विचाराचाही वाटा आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकात बान चाओ नावाची विदुषी होऊन गेली. भावाचा अपुरा राहिलेला हान घराण्याचा इतिहास पुरा करण्यात तिचा हात होता. तिने मुलींसाठी जे लिहिलं त्यात नम्रतेचे धडे पुष्कळ आहेत, पण मुलांना शिकवता मग मुलींना का नाही, असा रोकडा सवालही आहे. शिडी राजापासून सामान्य माणसापर्यंत सगळ्यांची, असं 'महाविद्या'त लिहिलंय. मी त्या 'सगळ्यां'त स्वतःला धरते. परवानगी विचारत नाही.

राहता राहिला थोरवीचा प्रश्न, जिच्यासाठी मी निघाले होते. मेन्शियसला कुणीतरी त्याच्या य्वेचंग नावाच्या शिष्याबद्दल विचारलं, तो कसा माणूस आहे? मेन्शियसने सहा पायऱ्या सांगितल्या. हवाहवासा वाटतो तो चांगला. चांगुलपण ज्याच्या अंगी खरोखर मुरलंय तो खरा. त्याने जो भरून गेलाय तो सुंदर. भरून जाऊन ज्याचा उजेड बाहेर पडतो तो थोर. थोर असून जो दुसऱ्यांना बदलवतो तो संत. आणि जो आपल्या आकलनापलीकडे गेला तो दैवी. म्हणजे थोरवी चौथी, आणि तिच्याआधी नुसतं भरणं आहे. य्वेचंगला त्याने कुठे ठेवलं? पहिल्या दोन पायऱ्यांच्या दरम्यान. दुसरीकडे असं आहे की याच य्वेचंगला लू राज्यात अधिकारपद मिळणार हे कळल्यावर मेन्शियसला आनंदाने झोप लागली नव्हती. शिष्याने विचारलं, तो खंबीर आहे? नाही. दूरदर्शी? नाही. बहुश्रुत? नाही. मग आनंद कशाचा? त्याला चांगलं आवडतं, एवढ्याचा. सहातल्या पहिल्या-दुसऱ्या पायरीवरचा माणूस, आणि गुरूची झोप उडावी इतका आनंद! हे वाचून मला हुंदका आला. कुणीतरी आपल्या लहानशा चांगुलपणावर इतका विश्वास ठेवावा.

हल्ली गुरुवारी दासबोध झाल्यावर मेन्शियसचा एखादा उतारा होतो. मागच्या वेळी नानांनी अडवलं. म्हणाले, "हे सगळं घरापासून सुरू होतं हे ठीक. पण घरातच राहिलं तर? आपलेच आईबाप, आपलीच मुलं. रस्त्यावरच्या माणसाचं काय?" हा प्रश्न जुना आहे. मोत्झ नावाच्या विचारवंताने कन्फ्यूशियसच्या परंपरेला तो विचारला होता: सगळ्यांवर सारखंच प्रेम करा, नाहीतर भांडणं मिटणार नाहीत. त्याचा अनुयायी यी चृ याचा मेन्शियसशी मध्यस्थामार्फत वाद झाला. मोत्झ-पंथीयांचं म्हणणं, अंत्यविधी साधे करा. पण यी चृने स्वतःच्या आईबापांचे थाटात केले होते. मेन्शियसने त्यावरच बोट ठेवलं. यी चृ म्हणाला, प्रेमात डावं-उजवं नाही, फक्त सुरुवात आईबापांपासून होते. मेन्शियसचं उत्तर: फार पूर्वी लोक मेलेल्या आईबापांना ओढ्यात टाकून द्यायचे. एकदा एक जण तिथून जाताना बघतो तर कोल्हे लचके तोडताहेत, माश्या घोंघावताहेत. त्याच्या कपाळाला घाम फुटला. लोक बघताहेत म्हणून फुटला नाही, आतून फुटला. तो घरी गेला, टोपली-फावडं आणलं आणि माती लोटली.

मास्तर मेन्शियसच्या बाजूने आहेत. माया आतून फुटावी लागते, हुकुमाने सगळीकडे सारखी वाटता येत नाही, असं ते म्हणतात. नाना यी चृच्या बाजूने. त्यांच्या मते यी चृ चुकलाच नाही, त्याने सुरुवातीची जागा सांगितली आणि पुढची वाट मोकळी ठेवली. मला यी चृचं वाक्य मेन्शियसने नीट ऐकून घेतलं असं वाटत नाही. काकूंच्या नातवाने विचारलं, मग ओढ्यात दुसऱ्या कुणाचे आईबाप असते तर त्याला घाम फुटला असता का? त्यावर दोघेही एकदम बोलू लागले आणि चहा गार झाला. येत्या गुरुवारी दासबोध थोडा आटोपता घेऊन हाच उतारा पुन्हा वाचायचं ठरलंय. नानांनी मला मोत्झचं काही मिळतंय का बघायला सांगितलं आहे.